तितं गेल्यावर परत इचारा

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता माझी बायको कंपनीच्या बसची वाट पाहत असताना कोपऱ्यावर पडली. दुपारी तीन वाजता डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि ती गेल्याचं सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलगी शाळेत होती. ती नऊ वर्षांची होती. मुलगा शेजारच्या काकूंकडे होता. तो तीन वर्षांचा होता.

त्या रविवारी आम्ही कळंब्याच्या तलावावर जाणार होतो. त्यासाठी तिनं बुधवारीच शेंगदाणे भाजून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या कुणाला तरी तो डबा सापडला. चहाबरोबर काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी ते शेंगदाणे बशांमधून फिरवले. मी नको म्हणालो नाही. लोक हळू आवाजात बोलत होते आणि फोलपटं फुंकत होते.

आम्ही चौघं कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला आहे. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, मालाच्या नोंदींच्या कचेरीत होती. दोघांना एकत्र सुट्टी मिळायची ती रविवारची. तेव्हा सहल म्हणजे गाडी करून कुठेतरी लांब जाणं, असं माझ्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून कळायचं. आमच्या सहलीला फारसं काही लागत नसे, कारण आम्ही गाव सोडून जातच नव्हतो. एका कापडी पिशवीत पाण्याची बाटली, चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुलाचा एक जादा सदरा. पिशवी माझ्याकडे असायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याची एक जुनी टाकी आहे. तिच्यात पाणी नसतं; गल्लीतली माणसं तिच्या कट्ट्यावर बसतात. ही टाकी ओलांडली की आम्ही पावणं व्हायचो.

हा खेळ माझ्या बायकोचा. ती गडमुडशिंगीची. लहानपणी वडिलांबरोबर गावातून बाजाराला आली की शहरातली माणसं त्यांना 'पावणं' म्हणत, आणि तिला ते फार आवडायचं. लग्न होऊन ती शहरात राहायला आली, इथलीच झाली, आणि मग तिला कुणी पावणं म्हणेना. "मला चुकल्यागत होतंय," असं तिनं मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ती माहेराबद्दल बोलते आहे.

खेळाचे नियम तिनंच घातले होते. कुठं जायचं ते मुलांनी ठरवायचं. वाट माहीत असली तरी विचारायची. आणि ज्यानं जी वाट सांगितली त्याच वाटेनं जायचं. ती चुकीची आहे हे ठाऊक असलं तरीसुद्धा.

या शेवटच्या नियमामुळे आमच्या सहली लांबायच्या. कोल्हापुरात वाट विचारली तर 'माहीत नाही' असं सहसा कुणी म्हणत नाही. ज्याला माहीत नसतं तो तर जास्तच ठामपणे सांगतो. हातात काम असलं तर हनुवटीनं दिशा दाखवतो, "सरळ जावा" म्हणतो, आणि वाट कितीही सरळ असली तरी शेवटी जोडतोच, "तितं गेल्यावर परत इचारा."

एकदा मुलीनं टाऊन हॉलची बाग म्हटलं होतं. एका सायकल दुरुस्तीवाल्यानं चाकाचे आरे ताणता ताणता आम्हाला गंगावेशीच्या पुढं पाठवलं. बाग तिकडं नाही हे माझ्या बायकोला माहीत होतं, मला माहीत होतं आणि मुलीलाही माहीत होतं. आम्ही गेलो आणि पंचगंगेच्या घाटावर पोचलो. तिथं कुणीतरी म्हशी धूत होतं. मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा असेल. तो माझ्या खांद्यावरून उतरला आणि पायरीवर बसून एका म्हशीकडे बराच वेळ बघत राहिला. परतताना गंगावेशीतल्या कट्ट्यावर थांबलो. तिथं म्हैस समोर पिळून पेल्यात दूध देतात. त्याच्या ओठांवर फेसाची मिशी आली. पुढे तो प्रत्येक रविवारी 'बाग' म्हणायचा, आणि त्याला म्हशी म्हणायचं असायचं.

या सगळ्यात मी दहा पावलं मागं असायचो. मला अनोळखी माणसाला हाक मारता येत नाही. दुकानातसुद्धा दुकानदाराचं लक्ष जाईपर्यंत मी उभा राहतो. ती पुढं होऊन "ओ मामा" म्हणायची, मुलं तिच्या दोन्ही बाजूंना तोंड वर करून उभी राहायची, आणि मी एखाद्या दुकानाची पाटी वाचत असल्यासारखा थांबायचो. ती मला सोडत नसे. म्हणायची, तुमचं बोलणं ऐकून लोकांना वाटेल पुण्यासनं कोण तपासणीला आलंय. वाट सांगायची सोडून कागदपत्रं काढून दाखवतील. मुलगी हसायची. मीही हसायचो. पुढच्या रविवारी तुमची पाळी, असं ती दर वेळी म्हणायची, आणि मी हो म्हणायचो.

कळंब्याच्या त्या रविवारी माझी पाळी होती. बुधवारी शेंगदाणे भाजताना तिनं ते माझ्याकडून तीनदा कबूल करून घेतलं होतं.

कुठून आलात असं कुणी विचारलं तर गाव सांगायचं काम मुलीचं होतं. ती नेहमी शिरोळ सांगायची, कारण तिथं ती एकदा लग्नाला गेली होती. रंकाळ्याच्या वाटेवर उसाच्या रसाचं एक दुकान आहे. त्याचे म्हातारे मालक स्वतः घाण्याजवळ बसायचे. एकदा आम्ही तिथं वाट विचारली. त्यांनी पावणं कुठले म्हणून विचारलं, मुलीनं शिरोळ म्हटलं. शिरोळात कुणाच्यातली, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मुलगी आईकडे बघू लागली. आईनं नदीकडच्या आळीतली म्हणून वेळ मारून नेली. म्हाताऱ्यांनी घाणा थांबवला. यंदा घरात पाणी आलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी खरंच चढलं होतं.  माझी बायको म्हणाली, आमच्यात न्हाय आलं, शेजारी आलतं. म्हाताऱ्यांनी चार पेले भरले आणि समोर ठेवले. त्यांची बहीण तिकडं दिलेली. पुराच्या गावच्या माणसाकडनं पैसे घेत नाही म्हणाले.

आम्ही रस प्यालो. पन्नास पावलं चालल्यावर ती थांबली. मुलांना माझ्याकडे देऊन एकटीच परत गेली. मी लांबून बघत होतो. ती हात हलवून बोलत होती, म्हातारे हसत होते. परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिनं त्यांना सांगितलं होतं, मामा, खोटं बोललो, आमी मंगळवारातलीच. त्यावर ते म्हणाले होते, "म्हाईत हाय. गेल्या म्हैन्यात टेंबलाईची वाट इचारलीसा की तुमी. पावणं म्हणून आलासा, पावणं म्हणून जावा."

तेव्हापासून मुलगी शिरोळ सांगेनाशी झाली. गडमुडशिंगी सांगू लागली. ते निदान अर्धं खरं होतं.

बायको गेल्यावर तीन महिने आम्ही कुठं गेलो नाही. माझी आई येऊन राहिली होती, ती परत गेली. मग एका रविवारी मी पिशवी भरली. मला एका गोष्टीची भीती वाटत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. तीन वर्षांच्या मुलाला पुढे काय आठवतं, हे मी ग्रंथालयात बसून वाचून काढलं होतं. फारसं काही आठवत नाही. मुलीला आई राहणार होती. मुलाला राहणार नव्हती, आणि त्यासाठी जे काही करायचं ते मलाच करायचं होतं. मला वाटलं, त्याच वाटांनी नेलं तर कुठंतरी काहीतरी धरून ठेवील तो.

टाकी ओलांडली. मुलगी माझ्याकडे बघत होती. समोर एक माणूस स्कूटर पुसत होता. मी त्याच्याजवळ गेलो, थांबलो आणि पुढं चालू लागलो. आम्ही माहीत असलेल्या वाटेनं, न चुकता, रंकाळ्याकडे निघालो.

रसाच्या दुकानावरून जाताना म्हाताऱ्यांनी हात केला. "काय पावणं, बऱ्याच दिसांनी. पावणीबाई कुठं हायत?"

मी म्हणालो, "कामावर."

रविवार होता. त्यांनी मान हलवली. आम्ही रंकाळ्यावर गेलो, कठड्यावर बसून चपात्या खाल्ल्या आणि परत आलो. मुलगी सबंध वेळ बोलली नाही. मुलगा मात्र खुशीत होता. मला वाटलं, त्याला पाणी आवडलं असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीची बस यायच्या वेळी तो दारात जाऊन बसला. मंगळवारीही बसला. पायात चपला घालून, भिंतीला टेकून, कोपऱ्याकडे तोंड करून. शेजारच्या काकूंनी विचारलं तर म्हणाला, आई कामावर गेलीय. तीन महिने त्याला कुणीच काही नीट सांगितलं नव्हतं. देवाघरी वगैरे म्हटलं होतं. कामावर हा शब्द त्याला कळत होता. कामावर गेलेली माणसं साडेसहाला येतात.

मी रोज त्याला उचलून आत आणायचो आणि काही बोलायचो नाही. शुक्रवारी मी ग्रंथालयातून आलो तेव्हा तो दारात नव्हता. मुलीनं त्याला मांडीवर घेतलं होतं. तिनं त्याला सांगितलं होतं. कोणत्या शब्दांत, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही विचारू शकलो नाही. तो रडत नव्हता, दमला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं टाकीच्या पल्याडच असतंय, बाबा. तुम्ही घरात आणलं."

त्यानंतर ती आमच्याबरोबर रविवारी आली नाही. तिला अभ्यास असायचा, मैत्रिणी असायच्या. मी आग्रह केला नाही. मुलाला घेऊन मी जात राहिलो, पण रसाच्या दुकानाची वाट सोडून. मी त्याला वस्तुसंग्रहालयातल्या पाट्या वाचून दाखवल्या. स्टेशनच्या पुलावरून रूळ कुठं संपतात ते दाखवलं. आपल्या गावाच्या पुढं रेल्वे जात नाही, हे ऐकून त्यानं विचारलं, मग गाडी वळते कशी? मी त्याला इंजिन दुसऱ्या टोकाला कसं लावतात ते समजावून सांगितलं. तो ऐकून घ्यायचा. तो शहाणा मुलगा होता. कधी कधी आम्ही दोन तास फिरायचो आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत यायचो.

त्याच काळात मी एक वही केली. बायकोबरोबरच्या रविवारांबद्दल जे आठवेल ते त्यात लिहायचं ठरवलं. सायकलवाला, घाट, म्हशी, फेसाची मिशी, चार पेले रस. मला लिहिता येतं, निदान वाक्य नीट करता येतं, म्हणून मी ते नीट केलं. एखादा शब्द खोडून बरा शब्द घातला. झोपण्यापूर्वी मुलाला त्यातलं एक पान वाचून दाखवायचो. त्याला काही पानं पाठ झाली. मी समाधानी होतो. मी मनाशी म्हणायचो, आठवणी अशाही टिकतात.

तो तिसरीत असताना शाळेत 'माझी आवडती सहल' हा निबंध लिहायला दिला होता. त्याला शाबासकी मिळाली. निबंधाची वही मला दाखवायला आणली. त्यात लिहिलं होतं की मी आईबरोबर घाटावर गेलो होतो आणि म्हशींच्या ओल्या पाठींवर दुपारचं ऊन थरथरत होतं.

ते वाक्य माझं होतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. ऊन मी नंतर घातलं होतं, वाक्याला बरं दिसतं म्हणून.

मी त्याला विचारलं, तुला हे आठवतं का? तो म्हणाला, तुमच्या वहीत हाय की. मी विचारलं, आणि आई? आई कशी उभी होती? तो विचार करू लागला. मग त्यानं मला खूश करायला म्हणून, मी लिहिलेलं दुसरं एक वाक्य म्हणून दाखवलं.

त्या दिवसानंतर मी वही वाचून दाखवली नाही. ती कपाटात वरच्या फळीवर आहे. मी त्याच्या आईला त्याच्यासाठी जपायला गेलो होतो आणि त्याच्या डोक्यात मीच जाऊन बसलो होतो. ती कुणाला "ओ मामा" म्हणताना मान कशी वाकडी करायची, ते मला कुठल्याच शब्दांत धरता आलेलं नव्हतं. रविवारच्या सहली त्यानंतर हळूहळू थांबल्या. त्याला गल्लीत मित्र झाले, त्याला क्रिकेट होतं. मुलगी बारावी झाली आणि शिकायला पुण्याला गेली. तिकडून ती आठवड्याला फोन करते, माझी चौकशी करते, भावाशी जास्त वेळ बोलते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी भाजी घेऊन येत होतो. मुलगा टाकीच्या कट्ट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. एक कुटुंब त्याच्यासमोर थांबलं होतं. नवरा, बायको, दोन लहान मुलं, कापडाच्या टोप्या घातलेली. हल्ली वाट कुणी विचारत नाही, सगळे हातातल्या फोनकडे बघत चालतात. यांचा फोन बहुधा बंद पडला असावा. त्यांच्यातल्या बाईनं रंकाळा कुठं आला म्हणून विचारलं.

मुलाचे दोन्ही हात नाडीत होते. त्यानं हनुवटी वर केली आणि गंगावेशीकडे दाखवली. रंकाळ्याला जायची जवळची वाट ती नव्हे. मी दुरुस्त करायला पुढं झालो आणि थांबलो. तो म्हणत होता, "सरळ जावा. म्हशी लागतील कट्ट्यावर, लहान पोरं हायत, बघू द्या त्यास्नी. तितं गेल्यावर परत इचारा."

बोलताना त्यानं मान वाकडी केली होती. ते लोक गेले. मी भाजीची पिशवी घेऊन तसाच उभा होतो.

त्या वहीत हे वाक्य नव्हतं. मी ते कधी लिहिलंच नव्हतं, कारण ते सगळेच म्हणतात. मी त्याला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? त्यानं विचारलं, काय? मी म्हणालो, तितं गेल्यावर परत इचारा. माझ्या तोंडी ते विचित्र वाटलं असावं, कारण तो हसला.

"सगळी असंच म्हणत्यात की, बाबा."

खरं आहे. सगळे असंच म्हणतात, आणि हनुवटीनं सगळेच वाट दाखवतात. मान वाकडी करणारेही पुष्कळ असतील. ते त्याला तिच्याकडून मिळालं की गावाकडून, हे मला सांगता येणार नाही. त्यालाही येणार नाही. मी पुष्कळ दिवस यावर विचार केला आणि मग विचार करणं सोडून दिलं. तीही हे गावाकडूनच शिकली होती.

पुढच्या रविवारी मी शेंगदाणे भाजले. काही करपले. मुलाला येतोस का म्हणून विचारलं. त्याची मॅच होती. मी एकटा निघालो, टाकी ओलांडली आणि रसाच्या दुकानाशी गेलो. आता घाणा विजेवर चालतो आणि एक दुसराच माणूस तो चालवतो. म्हातारे बाजूला खुर्चीवर बसलेले असतात. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबलो नाही. म्हणालो, "मामा, त्या वेळी मी खोटं बोललो. ती कामावर नव्हती. ती वारली होती."

 त्यांनी शेजारचं बाकडं हातानं पुसलं आणि म्हणाले, "बसा, पावणं."

मी बसलो.  उठताना मी त्यांना कळंब्याच्या तलावाची वाट विचारली. ती मला लहानपणापासून माहीत आहे. त्यांनी हनुवटी वर करून दाखवली, सरळ जावा म्हणाले, आणि पुढचं वाक्यही म्हणाले. मी त्यांनी सांगितलेल्या वाटेनं गेलो. पुढे एका चौकात परत विचारलं. तलावावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. पाणी खूप खाली गेलं होतं. कठड्यावर बसून मी शेंगदाणे खाल्ले आणि अंधार पडायच्या आत परतलो.

मुलगी पुण्यात आहे. मुलगा बारा वर्षांचा आहे, आणि त्याला आई आठवत नाही. शेंगदाण्याचा डबा स्वयंपाकघरात आहे. रविवारी मी एकटा जातो, आणि वाट विचारतो.